डब्यातली पहिली गोळी

डॉक्टर भार्गवीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला. गोळ्यांची चार पाकिटं पडली आणि त्यांच्यामागोमाग एक भिंग.

"भिंग माझं," हरिहरराव ओशाळून म्हणाले. "पाकिटातले कागद वाचायला."

शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस. छापलेलं दिसलं की वाचायचं, अक्षर मुंगीएवढं असलं तरी. महिन्याभरात ते दोनदा चक्कर येऊन पडले होते. दुसऱ्यांदा थेट अंगणाच्या दगडी गडग्याच्या चिऱ्यांवर. आज रक्तदाब जेमतेम वरचा शंभर, खालचा साठ भरला होता. पुढच्या वेळी खुब्याचं हाड जाईल, असं भार्गवीने त्यांना आत्ताच बजावलं होतं.

"सर, शेवटून सुरू करू. ही कशाला?"

"पित्ताला. पोटातलं आम्ल बनायचं थांबवते."

"पित्त कशाने झालं?"

"या दुखण्याच्या गोळीने. ती पोटाचं अस्तर खाते."

"दुखत काय होतं?"

"पायाचा अंगठा. लघवीची ही गोळी मीठ-पाणी बाहेर काढते, पण युरिक ॲसिड मागे ठेवते. केर काढून कोपऱ्यात सारावा, तसं. ते अंगठ्यात जाऊन बसलं."

"आणि ही लघवीची?"

"पाय सुजले होते म्हणून. या ॲम्लोडिपिनने. ती रक्तवाहिन्या सैल करते. दाब उतरतो, पण पाणीही पायात उतरतं."

"सगळं एकाच डॉक्टरांनी दिलं?"

"तिघांनी. प्रत्येकाने आपापल्यापुरता मला बरा केला."

भार्गवी हसू दाबत फाइल चाळू लागली. "मग ही दाबाची, पहिली, कोणी लिहून दिली? तुमच्या नावाचा कागदच नाही."

हरिहरराव पंख्याकडे बघू लागले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर त्यांची बायको हेमाताई कोणाला तरी फणसाची साटं कशी वाळवायची ते सांगत होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"ती गोळी हिची," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी हिचा दाब एकशे ऐंशी निघाला. घरी येऊन म्हणाली, मेले तरी चालेल, पण गोळी घेणार नाही. मी म्हटलं, मलाही दाब आहे, मलाही हीच दिली आहे. आणि तिच्यासमोर गिळली."

"आणि नऊ वर्षं गिळत राहिलात?"

"मी सोडली की ती सोडणार. तिला कळता कामा नये हो."

भार्गवीने डोक्याला हात लावला. मग हेमाताईंना आत बोलावलं.

"काकू, सरांचा दाब आता बरा झालाय. त्यांच्या चारही गोळ्या आजपासून बंद."

"अस्सं," हेमाताई म्हणाल्या.

भार्गवीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. "तुमचा मात्र अजून थोडा वर आहे. जुनी गोळी चालू ठेवायची आणि सकाळी ही एक नवी घ्यायची." तिने खणातून एक पाकीट काढून पुढे ठेवलं.

हरिहररावांनी श्वास रोखला. आपण सुटलो आणि हिला एक वाढली. आता ही उठणार, पर्स उचलणार, आणि जुनीसुद्धा बंद करणार. नऊ वर्षं फुकट.

हेमाताईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अंगठ्याने दाबून एक गोळी बाहेर काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीसुद्धा दाब नसताना महिनाभर गिळून तुम्ही जिवंत राहिलात, तेव्हा कुठे मी सुरू केली."