भावाचं वय

"अठ्ठावन्न पूर्ण?" रिसॉर्टच्या मॅनेजरनं आधार कार्ड परत केलं. "काका, आता आराम करा. वॉचमन आम्ही पंचावन्नच्या आतलाच घेतो."

भिकूनं कार्ड खिशात ठेवलं. तो चोपन्नचाच होता, पण तसं सांगायची सोय नव्हती. अठ्ठावन्न भरली होती त्याच्या भावाची, सदाची. म्हणून भिकू गेल्या महिन्यात निवृत्त झाला. आणि सदाला खाडीत बुडून एकोणचाळीस वर्षं झाली होती.

तेव्हा कारखान्यासाठी गावाची भातशेती गेली. जमीन गेली त्या घराला एक नोकरी. बाप आधीच वारलेला. एकोणीस वर्षांच्या सदाच्या नावानं पत्र आलं. हजर व्हायला चार दिवस उरले असताना तो होडी घेऊन गेला तो गेलाच. होडी रिकामी सापडली. पार आगरदांड्यापर्यंत शोधलं, सदा काही मिळाला नाही.

त्यांची आई जनीबाई तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिनं पंधरा वर्षांच्या भिकूच्या कोऱ्या ओठावर वस्तरा फिरवला आणि थोरल्याचा शाळेचा दाखला त्याच्या हातात ठेवला.

"आजपास्नं तूच सदा. जमीन गेली. नोकरी घालवायची न्हाय."

गावाला सगळं ठाऊक होतं. पण कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

हजेरीला 'सदाशिव' अशी हाक आली की भिकू "हजर" म्हणे आणि दर वेळी मागं वळून बघे. कुणीतरी ओल्या अंगानं पाठीशी उभं आहे असं वाटे. लग्नपत्रिकेवर सदाच. पोराच्या नावापुढंही सदाच. हा पोरगा, ऋत्विक, चोविसाचा झाला तरी परीक्षांची तयारी करत घरी बसलेला. भिकू त्याला बोलायला जाई आणि शब्द गिळून टाकी. आपण पंधराव्या वर्षी कामाला लागलो, हेसुद्धा पोराला सांगता येत नव्हतं.

रिसॉर्टवरून घरी चालत येता येता त्यानं मनाशी ठरवलं. जनीबाई ओटीवर सुपारी कातरत बसली होती.

"आये, परवा सर्वपित्री. यंदा सदाच्या नावानं पान ठेवू."

"नको."

"दरसाल तुझं नकोच. तवा कारखान्यात कळंल म्हणून भीती व्हती. आता सुटलो मी. त्याचं नाव वापरलं, वय वापरलं. एक घास तरी देऊ त्याला. माझी पाठ सोडत न्हाय तो."

अडकित्ता थांबला.

"जित्या मानसाच्या नावानं पान ठेवू न्हाय, भिकू."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याला भिकू म्हणाली होती.

"जित्या?"

"बुडला नव्हता. पळालेला. चार भिंतीत ऱ्हायचं नव्हतं त्याला." ती अंगणाकडं बघत बोलत होती. "दोन वर्सांनी आला व्हता, भर दुपारचा. तू पाळीवर गेलेलास. दार वाजवून म्हनाला, आये, मी आलो, सदा."

"मग?"

"कडी काढली न्हाय मी. आतूनच म्हटलं, सदा तर कामावर गेलाय. तू कोन?"