सैल बूच

माले नावाच्या गावापलीकडच्या वाडीत, तलावाच्या मातीच्या बांधाखाली झरा फुटला, तेव्हा लोकांनी शेंदूर लावून त्याची देवी करून टाकली. कॉलेजातल्या कौस्तुभने पाण्यातली समस्थानिकं, म्हणजे जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण, मोजली, तर ते पाणी आधी उघड्यावर उन्हाने थोडं आटलेलं निघालं. म्हणजे झरा तलावाचाच होता आणि बांध गळत होता.

"बाटलीचं बूच सैल राहिलं असेल रे, तिथेच आटलं," विभागप्रमुख बंडोपंत म्हणाले. "पावसाळा संपला की नवा नमुना आण, मग वर कळवू."

दसऱ्याला तलाव काठोकाठ भरला होता. झऱ्यापाशी वाडीतली सखूबाई देवीची ओटी भरत होती.

"देवी लई पावली बगा, सायेब. धार मनगटायेवढी झालीया, आन् पाणीबी बांधाच्या मातीवानी लाल. पोराचं घर हितंच बांधाय घेतलंय, तिच्या पायाशी."

कौस्तुभने बाटली भरली आणि या वेळी बूच अगदी घट्ट लावलं.