साखरपुड्यातले चट्टे

साखरपुड्याच्या पंगतीत जनूभाऊंची हनुवटी खाजू लागली आणि त्यांनी ती डाव्या हाताने झाकली. समोर होणारे व्याही दाजी तळवडेकर जेवत होते, आणि वैशाखात दाजींच्या हापूसवर जनूभाऊंनीच हात मारला होता.

त्या कलमाचा चीक फार जहाल. आंबा चोरून, न धुताच खाल्ला की दुसऱ्या दिवशी तोंडावर चट्टे उठत, आणि दाजी गावभर हनुवट्या तपासत फिरत. जनूभाऊंची मात्र लोण्यासारखी स्वच्छ निघाली. त्यांना बसवलेली डुकराची किडनी अंगाने परकी म्हणून झिडकारू नये यासाठी डॉक्टरांनी त्यांना कांगारूच्या धाटणीची प्रतिकारशक्ती टोचली होती. ती परक्या पदार्थाशी भांडते, पण सवडीने. किती सवडीने, ते आज कार्तिकात कळत होतं.

दाजींनी हातातली जिलबी खाली ठेवली. "जनूभाऊ, हे कसले चट्टे?"

"डास चावला असेल."

"डासाला आमच्या हापूसचा चीक कुठे मिळाला?"

पंगतीतल्या माना वळल्या. नवऱ्या मुलीने आईकडे पाहिलं. जनूभाऊंनी मान खाली घातली, तर त्यांना दाजींची बोटं दिसली. लालबुंद, टरटरून सुजलेली. दाजींनाही गेल्या वर्षी त्याच डॉक्टरांनी किडनी बसवून तीच प्रतिकारशक्ती टोचली होती, आणि शिमग्यात जनूभाऊंच्या बागेतले ओले काजू कोणीतरी उतरवले होते; त्यांच्या टरफलाचा चीक बोटं भाजून काढतो.

"ओल्या काजूंची उसळ जमली होती ना, व्याही?" जनूभाऊंनी हळूच विचारलं.

दाजींनी हात उपरण्याखाली सरकवला.

"डासच असेल," ते म्हणाले. "वाढा हो जिलबी, व्याह्यांना वाढा."