बर्फ कुठे गेला?

रूपाली भातकुलीच्या बालवाडीत शिकवायची आणि दर रविवारी अमरावतीला बालशिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला जायची. तिथे एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: मुलांना उत्तर सांगायचं नाही, शोधू द्यायचं.

आज तिची पाठपरीक्षा होती. परीक्षक मागे येऊन बसले. रूपालीने उन्हात ठेवलेली बर्फाची वाटी आत आणली.

"यातला बर्फ कुठे गेला?"

"कावळ्यानं नेला!" एक जण ओरडला. गुंजनने बोट बुडवून चाखलं. "मॅडम, पानी हाय. तुमीच सांगा ना, कुठी गेला?"

"तुला काय वाटतं?"

मग वर्गात अर्धा तास जो कल्ला झाला, त्यावर परीक्षक बेहद्द खूश झाले. जाताना म्हणाले, "असा पाठ मी या वर्षी पाहिला नाही."

रूपाली हवेतच फाटकापाशी आली. तिथे गुंजनची आई थांबली होती. तिने रूपालीला बाजूला घेतलं आणि आवाज खाली केला.

"मॅडम, लाजू नका. गुंजन सांगून राहिली, तुमाले काईच येत नाई, सारं पोट्ट्यायलेच इचारता. सांजच्याले आमच्या घरी येत जा. माही मोठी सातवीत हाय, ते शिकवते तुमाले."