थेंब

गफूरनं वात बदलली, कान लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. टप, टप, टप. थेंब काही ऐकेना.

दिवसभर पत्रा बडवून जुन्नरच्या अख्ख्या पेठेचे कान किटवणारा हा बाबा, आणि घरातला एवढासा थेंब त्याला गप्प करता येत नव्हता. खेळ मांडला होता त्यानंच. बायको ताजबी क्षयानं खाटेला खिळलेली. तिचा वेळ जावा म्हणून त्यानं चार काचांना पत्र्याची चौकट केली, सांध्यांना डाग दिला आणि कुकडी नदीतले पाच बारके मासे आणून खाटेशी ठेवले. वरनं पाणी पडत राहिलं तरच मासे जगतील, असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं. मग त्यानं रॉकेलचा डबा घासूनपुसून वर टांगला आणि त्याला बारीक भोक पाडलं. खाली साठलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ उपसायचं आणि पुन्हा वर ओतायचं.

मासे जगले. ताजबी मात्र वैतागली.

"छातीत खोकला आन् डोक्यात तुमचा थेंब," ती म्हणाली. "मी मरायची कशानं, ते तरी ठरवा."

"सोडून येतो कुकडीत."

"काय नको. मासे ऱ्हाऊ द्यात. आवाज तेवढा न्या."

झालं. गफूर हात धुऊन त्या थेंबाच्या मागं लागला. डब्याच्या भोकात कापसाची वात लावली, ती तुंबली. बांबूची पन्हळ केली, ती खळखळली. काम करता करता हातोडी थांबवून तो विचारात पडे आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे. असे तीन महिने गेले. नवं औषध निघालं होतं, त्याची सुई कंपाउंडर रोज घरी येऊन टोचून जाई. ताजबीचा खोकला उतरला, गालांवर मांस दिसू लागलं. आता फक्त तिनं एकदा म्हणावं, जमलं तुमाला, एवढीच गफूरची हौस राहिली होती.

दुकान पुढं, घर मागं. दुपारी तो दुकानातनं पत्र्यावर दोनदा ठोकी आणि आतनं ती पेल्यावर बांगडी वाजवी. म्हणजे बरी आहे. गेले तीन दिवस पेला वाजला नव्हता. झोप लागली असेल, म्हणून गडी उलट खूशच होता. या दुखण्यात झोप म्हणजे निम्मं औषध.

आज मात्र तो हातोडी ठेवून आत आला. ताजबी उशाला टेकून मासे बघत होती.

"जमलं बाई तुमाला एकदाचं," ती म्हणाली. "तीन दिस झालं, आवाज बंद हाये."

गफूरनं वर पाहिलं. डब्याचा थेंब सुटला. टप. त्याच्यामागं दुसरा. टप.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं. या सुयांनी छाती बरी होईल, पण कुणाकुणाचे कान जातात. गफूरनं ताजबीला त्यातलं पहिलं तेवढंच सांगितलं होतं.

त्यानं पटकन थेंबाखाली तळवा धरला. तिला दिसू नये म्हणून. मान हलवली, हसायचाही प्रयत्न केला. पाणी तळव्यावरनं कोपरापर्यंत ओघळलं.

ताजबीनं त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. थेंब पडला आणि पाचही मासे तिकडं धावले.

"मासे गुदमरत्याल की," ती म्हणाली. "मला दिसतंय समदं. कंपाउंडरनं मला कवाच सांगून ठेवलं व्हतं."

गफूर खाटेशी मटकन बसला. त्याला रडू आवरेना. ताजबीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"रडता कशाला?" ती म्हणाली. "मीच मागितलं व्हतं न्हवं? मासे ऱ्हाऊ द्यात, आवाज तेवढा न्या."