धुतलेला डबा
दुपारी शिलाईच्या कारखान्यात जेवायला बसले आणि पिशवीतून दोन भरलेले डबे निघाले. रोज सुनेसाठी भरून घरी ठेवते तो डबाही मी घाईघाईत उचलून आणला होता. तिच्यासाठी टेबलावर राहिला होता तो जास्तीचा, रिकामा डबा. लेकरू अंगावर पितंय आणि बाई उपाशी! सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्टी घेतली, धापा टाकत घर गाठलं. चुकले म्हणायला तोंड उघडणार, तोच बाळाला थोपटत सून म्हणाली, “आई, आज भाजी छान झाली होती.” सिंकशेजारी डबा रोजच्यासारखा लख्ख धुऊन पालथा घातलेला. मी पिशवीतला भरलेला डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिचा थोपटणारा हात थांबला. “रोज टाकून देतेस?” तिनं मान खाली घातली. “घास घशाखाली उतरतच नाही, आई. तुम्ही एवढं करता, म्हणून सांगवेना.” “आणि आज? आज तर डब्यात काहीच नव्हतं.” ती म्हणाली, “रिकामा दिसला, तेव्हा वाटलं, आजचं मी टाकलंही असेल.” “ऊठ, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ,” म्हणत मी बाळाला उचललं. ती घाबरून बाळाचं टोपडं शोधायला लागली. “काय झालंय याला, आई?” “याला काही नाही गं. टोपडं राहू दे. तुझ्या चपला घाल.”