सुताची लड
बालाघाटच्या मराठी मंडळाचं नाटक उद्यावर आलं, तरी ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार पुढे सरकेना. साहेब झालेल्या अनुरागनं विणकरणीकडून कवडीमोलानं कापूस न्यायचा आणि विलायती कापड तिलाच महाग विकायचं, एवढं साधं होतं. पण विणकरीण झालेली ईरा कापूस म्हणून घरून आणलेली सुताची लड सोडेना. चौथ्या तालमीतही तिनं ती पाठीमागे लपवली. “देऊन टाक ना वं,” नाटक बसवणाऱ्या प्रेमलताबाई वैतागल्या. “काहून देऊ? बाबांच्या मागावरची शेवटची आहे.” स्वस्त सुरती साड्यांपुढे टिकेना म्हणून तो माग दिवाळीलाच बंद पडला होता. बाईंनी नेसलेली साडीही सुरतेचीच. पदर आवरत त्या म्हणाल्या, “अवं, इतिहासात असंच झालतं.” “तेव्हा मी नव्हती ना, काकू.” टोपीतला अनुराग हात पसरून ताटकळला होता. बाईंनी वही मिटली. “साहेब, रिकाम्या हातानं परत जा.”